मदत हवी आहे: क्लिनिकल की काउन्सेलिंग? सोमवारी फी भरायची आहे!

रातराणी_२१
बी.ए. सायकॉलॉजी झालंय. एम.ए.ला दोन्हीकडे नंबर लागलाय. पुण्यात क्लिनिकल, मुंबईत काउन्सेलिंग. मैत्रिणी म्हणतात क्लिनिकलला मान आहे. पटकन सांगा. 'मनाचं ऐक' वगैरे नको, मन दोन्हीकडे आहे.

कोकणमेवा
पुण्याच्या कोर्सला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता आहे का?

रातराणी_२१
युनिव्हर्सिटी यूजीसीची आहे ना.

कोकणमेवा
ते नाही विचारलं गं. यूजीसी वेगळी, आरसीआय वेगळी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे, त्यात आरसीआयची मान्यता लागते. डिग्रीवर नुसतं 'क्लिनिकल' छापलेलं असून चालत नाही. मी तेच करून बसले. २ वर्षं एम.ए., मग कळलं की एम.फिल. केल्याशिवाय पाटी लावता येणार नाही.

बंडूनाना
कशाला हे फाटे? एमबीबीएस करून सायकिअॅट्रिस्ट व्हा. औषधं लिहिता येतात.

रातराणी_२१
काका, बारावी आर्ट्स आहे माझी.

शून्यप्रहर
मेवाताई, उगाच घाबरवू नका. एम.फिल.चे प्रवेश २०२५-२६ पर्यंतच होते. आता आरसीआयचा स्वतःचा एम.ए. क्लिनिकल आलाय, साय.डी. ही क्लिनिकलमधली डॉक्टरेटही आहे. आणि काउन्सेलिंग म्हणजे दुय्यम हे कुणी ठरवलं? टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) एम.ए.च्या नावात दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. मी ९ वर्षं शाळेत समुपदेशक आहे, रजिस्ट्रेशन कुणी विचारलं नाही.

कोकणमेवा
तेच तर दुखणं आहे. कुणी विचारत नाही म्हणून चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही पाटी लावतात.

शून्यप्रहर
मला म्हणताय का? माझं एम.ए. रेग्युलर आहे.

निशिगंधाची_आई
मध्येच विचारते, माफ करा. भाचा आठवीत आहे, लिहिताना अक्षरं उलटी काढतो. दहावीच्या सवलतीचं सर्टिफिकेट काउन्सेलर देतात का?

कोकणमेवा
नाही हो. मुंबईत असाल तर सायन हॉस्पिटलच्या एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) क्लिनिकला न्या. दहावीची वाट बघू नका, आत्ताच नंबर लावा.
रातराणी, यातूनच बघ. चाचण्या, निदान, हॉस्पिटलचा वॉर्ड यात रस असेल तर क्लिनिकल, पण मान्यतेचं. अभ्यास, नाती, करिअर यांवर लोकांशी बोलत बसायला आवडत असेल तर काउन्सेलिंग.

शून्यप्रहर
तुला काम कुणाबरोबर करायचंय, हे कुणी विचारलंच नाही.

रातराणी_२१
शाळेतल्या मुलांबरोबर. पुण्याचं बरं वाटलं कारण घरूनच करता येणार होतं. डिस्टन्स आहे ना ते.

कोकणमेवा
डिस्टन्स??? हे आत्ता सांगतेस?

शून्यप्रहर
बाई गं. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइनमधून बंद केलंय. प्रवेश दिला कसा त्यांनी?

बंडूनाना
म्हणून म्हटलं एमबीबीएस.

रातराणी_२१
आत्ताच फोन केला. म्हणे, डिस्टन्स नाही, हायब्रिड आहे. तेच लेखी द्या म्हटलं तर म्हणाले, आधी फी भरा.

कोकणमेवा
मुंबईची भर. आजच. सोमवारी सर्व्हर झोपतो.

शून्यप्रहर
पहिल्यांदाच पटलं मेवाताईंचं.

निशिगंधाची_आई
सायनला केसपेपर सकाळी किती वाजता काढायचा?