‘त्रयस्थ’, ‘प्रमाणन’ आणि ‘स्फोटरोधक’: हायड्रोजन उपकरणांच्या कागदपत्रांतले शब्द

हायड्रोजन तयार करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरची कागदपत्रं मराठीत आणतोय आणि तीन ठिकाणी अडलोय. यंत्र बनवणारा आणि घेणारा या दोघांशीही लागेबांधे नसलेली जी चाचणी संस्था असते, तिला आधीच्या मसुद्यात ‘तृतीय पक्ष संस्था’ म्हटलंय. ते कानाला खटकतं. दुसरं, सर्टिफिकेशनला ‘प्रमाणीकरण’ म्हणावं की ‘प्रमाणन’? आणि पेटणारा वायू असू शकेल अशा जागी बसवायच्या, ‘एक्स डी’ (Ex d) अशी खूण असलेल्या विजेच्या पेटीला ‘स्फोटरोधक’ म्हटलंय, ते योग्य आहे का? यंत्रावर काम करणारी माणसं हेच कागद वाचणार आहेत, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद

‘तृतीय पक्ष’ बिनदिक्कत खोडा. आपल्याकडे ‘त्रयस्थ’ हा नेमका शब्द आहे. दोघांच्या व्यवहारात जो दोघांपैकी कुणाचाच नाही, तो त्रयस्थ. ‘तटस्थ’ मात्र वापरू नका. तटस्थ माणूस काठावर उभा राहतो, निवाडा करत नाही; या संस्थेला तर पास की नापास ते सांगावंच लागतं. ‘स्वतंत्र’ चालेल, पण कुणापासून स्वतंत्र ते त्यातून कळत नाही.

‘प्रमाणीकरण’ची अडचण अशी की ‘प्रमाण’ म्हणजे पुरावाही आणि ठरवून दिलेलं मापही. प्रमाणभाषा, प्रमाणवेळ यांत दुसरा अर्थ आहे. त्यामुळे ‘इलेक्ट्रोलायझरचं प्रमाणीकरण’ वाचून सगळी यंत्रं एकसारखी केली असं कुणालाही वाटेल. इलेक्ट्रोलायझरसाठीच्या आयएसओ २२७३४ ला ‘मानक’ म्हणा आणि यंत्र त्या मानकात बसतं असं त्रयस्थाने लिहून देणं याला ‘प्रमाणन’.

‘चाचणी’ही वेगळी ठेवा. चाचणी अहवालात मोजमापं असतात, प्रमाणपत्रात निर्णय असतो. प्रमाणन संस्थांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०६५ मध्ये तर मूल्यमापन करणाऱ्याने अंतिम निर्णय घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे संस्थेच्या आतही एक त्रयस्थ लागतो! मला ही तरतूद फार आवडते.

प्रतिसाद

भाषेचं मी बोलणार नाही, पण त्या पेट्या मी रोज उघडतो. ‘स्फोटरोधक’ काढा, कळकळीने सांगतो.

या पेटीत हायड्रोजन शिरेल, आतल्या ठिणगीने पेटेल आणि स्फोट होईल हे गृहीतच धरलेलं असतं. पेटी तो स्फोट सोसते. झाकण आणि पेटी जिथे टेकतात तिथे रुंद, गुळगुळीत धातूचे काठ असतात. त्यांच्यामधल्या बारीक फटीतून बाहेर पडताना ज्वाला थंड होऊन विझते. सगळं काम ती फट करते. हायड्रोजनची ज्वाला ०.३ मिलिमीटरच्या फटीतूनही निसटू शकते. मिथेनसाठी हाच आकडा १ मिलिमीटरच्या वर आहे. म्हणून हायड्रोजनसाठी ‘टू सी’ (IIC) म्हणजे सर्वांत सहज पेटणाऱ्या वायूंच्या गटाची, किंवा हायड्रोजनसाठी खास प्रमाणित झालेली (‘IIB+H2’) पेटी लागते, नुसती प्रोपेनसाठी प्रमाणित झालेली चालत नाही.

एका ठिकाणी मी झाकण उघडलं तर काठांमध्ये रबरी गॅस्केट. पाणी जाऊ नये म्हणून कुणीतरी स्वतः कापून, अगदी नीट बसवलेलं. त्या माणसाकडच्या कागदावर ‘स्फोटरोधक’ लिहिलं होतं. त्याने जाड, मजबूत पेटी असा अर्थ घेतला आणि आणखी घट्ट केली. मूळ रचनेत नसलेलं गॅस्केट आलं की ते प्रमाणपत्र त्या पेटीला लागूच राहत नाही. कागदावर ‘ज्वालारोधक’ असतं तर ज्वाला कुठून येणार, असा प्रश्न तरी त्याला पडला असता.

मूळ प्रश्नकर्ता

हे वाचून अंगावर काटा आला. ‘ज्वालारोधक’ पक्कं. पण न पेटणाऱ्या कापडालाही काही जण ज्वालारोधक म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद

कापडाला ‘अग्निरोधक’ रुळलेला आहे. शिवाय पहिल्यांदा शब्द येईल तिथे एक ओळ घाला: ‘आतली ज्वाला बाहेर जाऊ न देणारी पेटी’.

‘एक्स आय’ (Ex i) खूण असेल तिथे मात्र ‘ज्वालारोधक’ नको. तिथे परिपथातली ऊर्जाच इतकी कमी ठेवतात की ठिणगी पडली तरी गॅस पेटत नाही. हायड्रोजनला पेटायला ०.०२ मिलिज्यूलही पुरतात, यावरून ती मर्यादा किती कडक असेल बघा. मी ‘अंगभूत सुरक्षित’ लिहितो.

मूळ प्रश्नकर्ता

शेवटचं एक. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ (X) हे एकच अक्षर आहे. मसुद्यात ते गाळलंय, छपाईची चूक समजून.

प्रतिसाद (पेट्या उघडणारा)

अजिबात गाळू नका! त्या ‘एक्स’चा अर्थ वापराच्या विशेष अटी आहेत, आणि त्या प्रमाणपत्रातच लिहिलेल्या असतात. नुसतं ‘प्रमाणित’ न लिहिता ‘अटींसह प्रमाणित’ लिहा आणि त्या अटी त्याच पानावर द्या. परिशिष्ट यंत्रापाशी कुणी घेऊन जात नाही.