मदत हवी आहे : पावसाळ्यात पत्ते चिकटतात

सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरी परिसरात वाढदिवसांना आणि हॉटेलांत टेबलाशी जाऊन जादूचे प्रयोग करतो. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेने कागदी पत्ते फुगतात, वाकतात आणि पसरवताना दोन-तीन एकत्र सरकतात. गेल्या शनिवारी एका आजोबांनी ओढलेल्या बदाम सत्तीला चौकट राणी चिकटून आली आणि मला खोकल्याचे निमित्त करावे लागले.

खरी अडचण फॅरो या पत्ते पिसण्याच्या पद्धतीची आहे. कॅटचे दोन समान भाग करून पत्ते एकाआड एक गुंफायचे आणि वरचा व खालचा पत्ता जागेवर राखायचा, असे आठ वेळा अचूक पिसले की 52 पत्ते मूळ क्रमाने येतात. फुगलेल्या कडांमुळे माझे तिसऱ्या फेरीतच बिनसते. झिंक स्टिअरेटची पूड लावून पाहिली, पण फरक तासाभरापुरताच पडला (टाल्कम पावडरचा उद्योग पुन्हा करणार नाही). प्लॅस्टिकचे पत्ते ओल धरत नाहीत, मात्र माझ्या हातात ते फार निसटतात.

सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवलेला कॅट बाहेर काढल्यावर किती प्रयोग टिकतो, हे कोकणात किंवा गोव्यात काम करणाऱ्या जादूगारांनी कृपया अनुभवाने सांगावे.