केमोत प्रोबायोटिक: 'चांगले जंतू' म्हणजे नेमके कोणते?

धरमपेठ_लॅब: कालपासून फिरतंय: "आतड्यातले चांगले जंतू कॅन्सरच्या पेशी मारतात, केमोत रोज दोन प्रोबायोटिक कॅप्सूल आणि वाटीभर दही." अर्धं खरं आहे, म्हणूनच डोकं फिरलं. पेशी मारतं ते ब्युटिरेट, म्हणजे जंतू फायबरपासून बनवतात ते आम्ल. आतड्याची निरोगी पेशी ते इंधन म्हणून जाळते. कॅन्सरची पेशी ग्लुकोजवर जगते, म्हणून ब्युटिरेट तिच्या केंद्रकात साचतं, एचडीएसी (जनुकं बंद ठेवणारी विकरं) अडवतं आणि अपोप्टोसिस, म्हणजे पेशीचं स्वतःहून मरणं, सुरू होतो. पण ते बनवतात फीकॅलिबॅक्टेरियम, रोझब्युरिया हे आतड्यातले जंतू. दह्यातले लॅक्टोबॅसिलस नव्हे! ब्युटिरेट बनवणाऱ्यांना हवं फायबर. २०२१ च्या मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर) अभ्यासात इम्युनोथेरपीवर, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांवर, दिवसाला किमान २० ग्रॅम फायबर खाणाऱ्यांचा रोग उशिरा वाढला. प्रोबायोटिक न घेणाऱ्यांत हा फायदा सर्वांत ठळक.

महालकर: म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात ताकही बंद? आणि केमोनं जुलाब लागले की काय, तुमचा पेपर वाचायचा?

धरमपेठ_लॅब: ताक बंद कोण म्हणालं? नीट वाचत जा. जुलाबाचंच घ्या. इरिनोटेकॅन हे केमोचं औषध. शरीरात त्याचं जे जहाल रूप बनतं, त्याला यकृत ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून निकामी करतं. आतड्यातल्या जंतूंचं बीटा-ग्लुक्युरोनिडेझ हे विकर ती जोडणी तोडतं, औषध पुन्हा जागं होतं नि अस्तराच्या पेशी मारतं. तुमचेच जंतू! आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० खाली असताना बुलार्डी यीस्टची प्रोबायोटिक कॅप्सूल पलंगाशेजारी फोडली, तर पूड हाताला, हात सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेतली नळी), यीस्ट थेट रक्तात.

इतवारी_ताई: विदर्भात बसून आतड्यावर काय भांडता? खर्र्याचं बोला, सुपारी-तंबाखू-चुन्याच्या त्या घोटलेल्या मिश्रणाचं. सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन गालात कोलॅजनचे तंतू वाढवतं, तिच्यातलं तांबं ते घट्ट विणतं. तोंड उघडेना, तीन बोटं उभी जात नाहीत, तरी पन्नी खिशात!

महालकर: झालं! आता पानठेलेवाल्यांच्या पोटावर पाय. गुटखाबंदी आहे ना २०१२ पासून?

इतवारी_ताई: आहे ना, कागदावर. पानठेल्यावर सुपारी वेगळी, तंबाखू वेगळा, चुना वेगळा. गिऱ्हाईक आलं की पन्नीत घालून घोटायचं. बंदी कुठल्या पुडीवर लावणार, सांगा.

धरमपेठ_लॅब: ताई, विषय भरकटला, पण मुद्दा तोच. तंबाखूनं पी५३ हे पेशीचं राखणदार जनुक बिघडलं की पेशीला मरायचा हुकूमच पोचत नाही.

महालकर: बरं बाप्पा, कॅप्सूल परत करतो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण चालेल, की त्यालाही २०२१ चा अभ्यास लागतो?

धरमपेठ_लॅब: चालेल. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर. आतडं अडलेलं असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.