मदत हवी आहे: मोनो केलं की पखवाज गायब

कणकवलीकर_०७
नमस्कार मंडळी. गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलंय. हेडफोनवर एक नंबर वाजतंय, पण मोनो केलं, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र केला, की पखवाजाचा घुमारा जातो, नुसती टकटक उरते. पेटीही नाकातून बोलल्यासारखी. शनिवारी सप्ताह बसतोय, त्याआधी देवळात लावायला फाईल द्यायची आहे. माइक चांगले आहेत, त्यामुळे 'नवीन घ्या' सांगू नका. लवकर कळवा प्लीज.

भाऊ_साउंडवाले
किती माइक, कुठे लावले, पॅन कसं केलंय, म्हणजे कोण डावीकडे, कोण उजवीकडे? 'चांगले आहेत' यावरून काय कळायचं?

नादखुळा
एकच माइक लावायचा, विषय संपला. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा माइकही नव्हता, भोंग्यासमोर गायल्या. कोण पुढे, कोण मागे बसतो यावरच सगळा तोल. एका माइकला फेजचा त्रास, म्हणजे एकाच आवाजाच्या लाटा पुढेमागे येऊन एकमेकींना खाणं, होणारच कसा?

कणकवलीकर_०७
रेकॉर्डिंग झालंय हो. आता काय बुवांना मुंबईहून परत बोलावू?

भाऊ_साउंडवाले
@नादखुळा, एका माइकलाही होतो. भजनी मंडळ फरशीवर बसतं. थेट आवाज आणि फरशीवरून उसळून उशिरा आलेला आवाज, दोन्ही त्याच माइकात शिरतात.
धागाकर्ते, माइकांचं सांगा आधी.

कणकवलीकर_०७
चार माइक, एसएम५८ आणि ५७. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना एकेक, पेटीला एक, बुवांना एक. पखवाजाचे दोन पूर्ण डावे-उजवे, पेटी डावीकडे, बुवा मध्ये. टाळ-झांजा सगळीकडे शिरल्यात, त्यांना वेगळा माइक लागतच नाही. कॉम्प्युटरवर रीपर सॉफ्टवेअरमध्ये मिक्स केलंय.

पेटीमास्तर
पेटी कुठल्या पट्टीत आहे? काळी दोनला जुन्या पेट्या अशाच नाकात बोलतात. सूर तपासून घ्या.

गोट्या_इंजिनियर
सोपं आहे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पखवाजाचा एक ट्रॅक थोडा मागेपुढे सरकवा, जुळला की घुमारा येईल.

भाऊ_साउंडवाले
गोट्याभाऊ, ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब असते आणि पखवाज जेमतेम दोन-अडीच फूट. एवढ्याशा अंतराने घुमारा कसा खाल्ला जाईल? इथे एक माइक दुसऱ्याच्या उलट चाललाय. कणीक लावलेल्या तोंडावर थाप पडली की ते पान, म्हणजे कातडं, आत जातं, आतली हवा दुसऱ्या तोंडाचं शाईचं पान बाहेर ढकलते. एक पान त्याच्या माइकपासून लांब, दुसरं त्याच्या माइककडे. डावं-उजवं ठेवलं तर कान चालवून घेतो, एकत्र केलं की वजाबाकी. रीपरमध्ये त्या दोनपैकी एका ट्रॅकवर शून्याला तिरकी रेघ असलेलं बटण आहे, ते दाबा. एकाच ट्रॅकवर. तरी नाही आलं तर मग सरकवा.

गोट्या_इंजिनियर
मग वरच्या, बारीक आवाजांचं काय? टकटक तर सरकवल्यानेच जुळेल.

भाऊ_साउंडवाले
टकटक त्यांना ऐकू येतेय की!

चाकरमानी_ठाणे
अवांतर: सप्ताहात रेकॉर्ड कशाला लावता? पारावर, म्हणजे भजनाच्या पाळीवर, उभं राहायला माणसं नाहीत का गावात? आमच्याकडे असा कधी झाला नाय.

कणकवलीकर_०७
@चाकरमानी, रोषणाईच्या वेळी लावायचंय, पार चालू असताना नाही.
@भाऊ, बटण दाबलं, घुमारा आला!! पेटी मात्र तशीच. आणि देवळातल्या अँपवर (अँप्लिफायरवर) तर बुवांचा आवाजच येत नाही, फक्त टाळ आणि थोडी पेटी. मोनो फाईल लावली तर नुसती खरखर.

भाऊ_साउंडवाले
हे आत्ता सांगताय? मोबाईलमधून अँपला कुठली वायर आहे?

कणकवलीकर_०७
मोबाईलची बारीक पिन एका टोकाला, दुसऱ्या टोकाला माइकची तीन टाचण्यांची. नवीन आहे, वायर खराब नाही.

नादखुळा
म्हणजे अँपच गेला. मी आधीच म्हणत होतो.

भाऊ_साउंडवाले
तुम्ही एक माइक म्हणत होता.
वायर खराब नाही, चुकीच्या जागी आहे. त्या पिनेत डावा आवाज टोकाला आणि उजवा मधल्या कड्यावर. वायरीने ते टाचणी २ आणि ३ ला जातात. अँपची माइकची जागा २ मधून ३ वजा करते, कारण माइकच्या वायरीतला गोंगाट तसाच मारला जातो. बुवा मध्ये म्हणजे डावीकडे-उजवीकडे सारखे, वजा केलं की शून्य. मोनो फाईलमध्ये दोन्हीकडे सगळंच सारखं, म्हणून खरखर तेवढी उरली. अँपच्या मागे लाल-पांढऱ्या भोकांचं ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायची जागा, असेल तर तिथे त्याची वायर लावा. नसेल तर पिनेचं टोक फक्त २ ला, ३ आणि १ एकत्र पिनेच्या ग्राउंडला (बुडाच्या भागाला), मधलं कडं मोकळं सोडा आणि मोनो फाईल वाजवा. डावा-उजवा थेट एकमेकांना जोडू नका. फँटम पॉवर, म्हणजे अँप माइकच्या वायरीतून सोडतो ती वीज, बंद आहे ना, ते आधी बघा, मोबाईल जाईल.

गोट्या_इंजिनियर
पेटीचं मी सांगतो. बुवा स्वतः वाजवतात ना? पेटी तिच्या माइकपासून १५ सेंटिमीटर आणि बुवांच्या माइकपासून ५० असेल तर फरक ३५, म्हणजे एक मिलिसेकंद. ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास खड्डे पडणार. इथे तरी सरकवा!

भाऊ_साउंडवाले
हे बरोबर. पण पेटी जुळवायला सरकवलं की बुवांचा आवाज बिघडतो, तोही दोन्ही माइकांत आहे. बुवा गात असतील तेव्हा पेटीच्या माइकचा आवाज सहा-आठ डीबी (डेसिबल) खाली घ्या, त्यांच्या माइकात पेटी भरपूर येते. पुढच्या वेळी दोन माइकांमधलं अंतर, माइक वाद्यापासून जितका लांब त्याच्या निदान तिप्पट ठेवा.

कणकवलीकर_०७
पेटी खाली केली, बरी वाटतेय. ऑक्स आहे मागे, पण त्याला गुरवांनी टीव्ही लावलाय. विचारून बघतो.

पेटीमास्तर
पट्टी सांगितली नाहीत अजून.