ब्राझीलच्या झेंड्यातला हिरवा जंगलाचा नाहीच!

रंकाळाकाठ
काल तालमीच्या कट्ट्यावर वाजलं, ते इथं आणतोय. गल्लीत मागच्या वर्ल्डकपचा ब्राझीलचा झेंडा अजून लोंबतोय. एका पोरानं विचारलं, हिरवा का? तिघं एका दमात, "ॲमेझॉनचं जंगल! पिवळं म्हणजे सोनं!"

साफ चूक. हिरवा पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचा, पिवळा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांचा. पहिला सम्राट पेद्रो ब्रागांझा, त्याची बायको लिओपोल्दिना हॅब्सबर्ग. हिरव्यावर पिवळी शंकरपाळी मांडली देब्रे या फ्रेंच चित्रकारानं. १५ नोव्हेंबर १८८९ ला लष्करानं दुसऱ्या पेद्रोला घालवलं. चार दिवस अमेरिकेची नक्कल करून हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा चालवला आणि १९ तारखेला परत शंकरपाळीच! राजा गेला, राजाचं कापड राहिलं. जंगल-सोनं ही नंतरची सारवासारव.

अडाणी_वाचक
सारवासारव कशी? खुद्द पेद्रोचाच १८ सप्टेंबर १८२२ चा हुकूम बघा. त्यात रंग दिलेत 'वसंतातला हिरवा आणि सोन्याचा पिवळा'. घराण्यांची नावं तिथे नाहीत. आणि १८८९ च्या हुकुमात म्हटलंय की या रंगांनी सैन्याच्या आणि आरमाराच्या लढाया आठवतात, राज्यपद्धती कुठलीही असो, ते देशाच्या अखंडतेचे आहेत. म्हणजे राजाला त्यांनी कागदोपत्री वजा केलंय.

रंकाळाकाठ
सोन्याचा पिवळा हे छटेचं नाव झालं राव. आपण मोरपंखी म्हणतो तेव्हा साडीत मोर असतो का?

पणजीकर
मोरावरून आठवलं नाही, ब्रागांझावरून आठवलं. पणजीत मिनेझिस ब्रागांझांच्या नावाची संस्था आहे. ते पत्रकार, पोर्तुगीज सत्तेचे कडवे टीकाकार. आता आडनावावरून त्यांना राजघराण्याचे ठरवणार का? नाव कुठून आलं ते एक, माणूस कशासाठी उभा राहिला ते दुसरं. रंगांचंही तसंच. पिवळी जर्सी आली १९५० चा वर्ल्डकप घरच्या मैदानावर उरुग्वेकडून हरल्यानंतर, तोवर पांढरी होती. पुढे तीच जर्सी ब्राझीलचे माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी मोर्चांत इतकी मिरवली की काही ब्राझीलियन ती घालायला कचरू लागले. त्यांना कोणी हॅब्सबर्गांचे म्हटलं नाही!

चित्रास्वाती
रंगांवरून भांडताय, आणि मधल्या निळ्या गोलातलं आकाश कोणी बघितलंच नाही. ते रिओचं आहे, १५ नोव्हेंबर १८८९ ची सकाळ, साडेआठ. मध्ये त्रिशंकू, डावीकडे व्याध, त्याच्याखाली अगस्त्य, उजवीकडे वृश्चिक. पांढऱ्या पट्ट्याच्या वर एकटी आपली चित्रा, ती पारा राज्याची. आधी २१ तारे होते, १९९२ पासून २७. प्रत्येक राज्याला एक, आणि राजधानीच्या जिल्ह्याला आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळचा एक मिणमिणता तारा. गंमत म्हणजे चित्र उलटं आहे: आकाशाच्या गोलाबाहेर उभं राहून आत बघावं तसं.

अडाणी_वाचक
साडेआठला तारे? दिवसाढवळ्या?

चित्रास्वाती
दिसत नसले तरी असतात की हो!

रंकाळाकाठ
ते सोडा. पट्ट्यावर 'सुव्यवस्था आणि प्रगती'. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉम्तचं मूळ वचन 'प्रेम हे तत्त्व, सुव्यवस्था हा पाया, प्रगती हे ध्येय'. लष्करानं नेमकं प्रेम कापलं!

अडाणी_वाचक
लष्कराच्या माथी का मारता? झेंडा आखणारे तेइशेरा मेंदिस आणि मिगेल लेमोस हे दोघे कॉम्तचे पक्के भक्त. कात्री चेल्यांनीच चालवली. प्रेम परत घ्या म्हणून तिथे संसदेत विधेयकही आलं होतं, झेंडा मात्र तसाच राहिला. तुमचा मुद्दा बरोबर, आरोपी चुकला.

रंकाळाकाठ
बरं, ते मान्य. हिरव्यावर मी ठाम.

चित्रास्वाती
ठाम राहा, पण तुमच्या गल्लीतला झेंडा मागून बघून या. १९७१ च्या कायद्यानं दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या हव्यात, एक बाजू दुसरीचा उलटा ठसा चालत नाही.

रंकाळाकाठ
बघून आलो. एकाच बाजूनं छापलाय. मागून अक्षरं उलटी, आणि तुमची चित्रा भलत्याच बाजूला. उद्या शिडी आणतो, पण तो उतरवला की समोरच्या गल्लीतली अर्जेंटिनावाली पोरं काय समजतील ते तुम्हीच सांगा.