कापणीच्या सणातला लिलाव: अर्पण की मिरवणं?

शाहूपुरीकर
सर्वांना सलाम. कापणीच्या सणाला उपासना आटोपली की चर्चच्या आवारात लिलाव होतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. कुणी गुळाची ढेप आणतं, कुणी आजरा घनसाळ तांदूळ, परसातला भोपळा, अंडी, कोंबडा. माल देवाला, आलेला पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कामाला. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार माइकची आहे. साठ रुपयांचा भोपळा पाच हजारांवर जातो, घेणाऱ्याचं नाव तीनदा पुकारलं जातं, टाळ्या पडतात, संध्याकाळी स्टेटसला फोटो. दोन तालेवार घरं एकमेकांवर चढायला लागली की उपदेशात कुणी ऐकत नाही इतक्या एकाग्रतेने मंडळी ऐकते. भोपळा पिकवणाऱ्या म्हातारीचं नाव मात्र कुठेच नाही.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास यांच्याबद्दल ओळीने बोलतो. तिन्हींत इशारा एकच: लोकांनी पाहावं म्हणून करू नका, तसं करणाऱ्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं. आपण तिन्ही चव्हाट्यावर आणलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, उपासाचे स्टेटस, घरसभेत पाळकसाहेबांपेक्षा चढ्या आवाजातली प्रार्थना, बाकांवर दात्यांच्या पाट्या. प्रेस्बिटेरियन वळणाची, म्हणजे साधेपणा मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाची, आपली मंडळी. 1852 साली अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले तेव्हापासूनचा हा वारसा सांगायचा आणि वागायचं मात्र गणेश मंडळांच्या चढाओढीसारखं.

माझं म्हणणं, यंदा लिलाव बंद. ज्याला द्यायचं त्याने बिननावाचं पाकीट पेटीत टाकावं.

कोडोलीचा पाव्हणा
दादा, तुम्ही शाहूपुरीत बसून बोलालाय. गावाकडं सणाच्या वेळंला माणसाकडं रोख नसतंय, कारखान्याचं बिल यायचं असतंय. माल असतोय. एकाकडं माल हाय, दुसऱ्याकडं पैसा हाय, लिलावात त्या दोघांची गाठ पडती. तुमच्या पाकिटात अंडी कशी घालायची ते सांगा आधी. पाच हजार देणाऱ्याला भोपळा खायचा नसतोय, हे काय लोकांना कळत नाही व्हय?

मिरजेची लेक
शाहूपुरीकर दादा, सहावा अध्याय वाचलात, पण त्याच डोंगरावरच्या उपदेशात पाचवाही आहे. तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या की तुमची सत्कृत्यं पाहून त्यांनी स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, असं तिथे आहे. तेव्हा दिसणं हाच गुन्हा नाही.

आणखी एक. दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा आपल्याला पाठ आहे. पण ती गोष्ट सुरू कशी होते? येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता. म्हणजे देणं उघड्यावरच चाललं होतं. श्रीमंत पुष्कळ टाकत होते, त्यांना त्याने हाकललं नाही. फक्त हिशेब वेगळा केला: त्यांनी उरल्यातून दिलं, हिने पोटाचं दिलं. पेटी झाकून ठेवली असती तर ती बाई आपल्यापर्यंत पोचलीच नसती. पहिल्या मंडळीतल्या बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले, तेही नावासकट लिहून ठेवलंय. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात काय सांगतो? मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांनी किती दिलं बघा. आजच्या भाषेत ती चढाओढच लावली त्याने.

शाहूपुरीकर
ताई, बर्णबाच्या पुढचंच पान उलटा. हनन्या आणि सप्पीरा. त्यांनीही जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळंच आणलंय असा आव आणला. पेत्र त्यांना काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे: जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे सक्ती कुणी केली नव्हती. अर्धे देतो म्हणाले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण सगळं दिल्याचा मान हवा होता. बर्णबाला बघून त्यांना तसं वाटलं असं लिहिलेलं नाही, पण दोन्ही गोष्टी लागोपाठ ठेवल्यात त्या उगीच नाहीत. उघड्या दानाच्या मागोमाग ही कीड येतेच.

रंकाळ्यावरचा वारा
माझा अनुभव असा की लिलावात सगळ्यात मोठी बोली लावणारे प्रभुभोजनाच्या रविवारी शेवटच्या बाकावर असतात. असो.

राखेचा बुधवार
मी कॅथलिक, त्यामुळे तुमच्या लिलावात माझी बोली नाही. पण तुमचा हा सहावा अध्याय आमच्याकडे कधी वाचतात माहिती आहे? राखेच्या बुधवारीच, लेंट सुरू होतो त्या दिवशी. उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे लोकांना कळणार नाही, हे वाचून झालं की लगेच फादर आमच्या कपाळाला राख लावतात. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली राख. माझी मुलगी दरवर्षी विचारते, आत्ताच काय वाचलं आणि आता काय चाललंय? प्रश्न चोख आहे.

मी तिला सांगते की राख मिरवायला नाही, तू माती आहेस ही आठवण द्यायला आहे. तेवढ्याने तिचं समाधान होत नाही. ऑफिसात मात्र राख कुणाच्या लक्षातही येत नाही. कोल्हापूरच ते, जोतिबाचा गुलाल, भंडारा, कुंकू, गंध, कुणाच्या ना कुणाच्या कपाळाला काहीतरी असतंच.

पण शाहूपुरीकर, तुमच्या साधेपणाबद्दलही बोलूया. 1524 मध्ये प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्लीच्या झुरिकमधल्या चर्चांतून मूर्ती काढल्या, भिंतींना चुना फासला. हेतू शुद्ध असेल. पण कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून 'आम्ही शेजाऱ्यांसारखे नाही' म्हणणं हेही परूशाचंच प्रार्थनागीत. येशूच्या दृष्टांतातला परूशी, तो धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात तरी दुसरं काय म्हणत होता? आणि 'माझी श्रद्धा आत आहे' हे फार सोयीचं असतं. आत काय आहे ते कोण तपासणार? गुडघे टेकायला, रविवारी सकाळी उठायला, शुक्रवारी मटण सोडायला अंग लागतं. कोल्हापुरात मटण सोडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

नव्या पिढीचा
मला तर दोन्ही बाजू जुन्या वाटतात. लिलाव नको, राख नको, चर्चही कशाला? ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनमधून बाहेर पडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त होते. शंभर वर्षांपूर्वी आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या कवीला हे कळलं होतं.

मिरजेची लेक
बाळा, टिळकांचं अर्धंच सांगू नकोस. दरबाराच्या आधी बावीस वर्षं, 1895 मध्ये, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. मनातल्या मनात ख्रिस्ताला मानून घरी गुपचूप बसता आलं असतं. नातलग तुटले, लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या बाह्य विधीची किंमत त्यांच्या घराने मोजली. ते मोजून झाल्यावर त्यांनी दरबार काढला, दाराशी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. तू दाखला टाळतोयस आणि किंमतही.

मला फरक इथे दिसतो. ज्या बाहेरच्या गोष्टीने माणसाचं काही जातं, तिच्याबद्दल मी दादांशी भांडेन. जिच्याने मिळकतच होते, टाळ्या, पाटी, पंचकमिटीची खुर्ची, तिथे दादांचं बरोबर. आता पाच हजारांत त्या माणसाचं काय गेलं हे मला कसं कळणार? म्हणूनच मी लिलाव बंद करा म्हणत नाही.

शाहूपुरीकर
कळणार नाही हे मान्य. म्हणूनच नाव पुकारू नका म्हणतोय. आपल्या प्रेस्बिटेरियन परंपरेचा मूळपुरुष कॅल्विन, त्याला जिनीव्हात 1564 मध्ये पुरलं ते त्याच्याच इच्छेने, खुणेच्या दगडाशिवाय. अशा माणसाचा वारसा सांगणाऱ्यांना बाकावर पाटी कशाला हवी?

आजरेकर मामी
मी भोपळेवाली. म्हणजे खरंच, दरवर्षी आमच्या परसातलं काहीतरी लिलावात असतं. तुम्हा मोठ्या लोकांचं वाचून सांगते, मला माझ्या नावाची पुकारणी नको. पण पदर खोचून वेल वाढवायची, तो भोपळा वेदीपुढं न्यायचा आणि सगळ्या मंडळीनं बघायचा, यात मला दिखावा वाटत नाही. वर्षात तेवढाच एक दिवस माझ्या हातचं काही वेदीपुढं जातं. बाकी वेळा आम्ही मागं चहाच्या कपबश्या विसळत असतो.

माझं दुखणं वेगळंय. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो, मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला भाकर, उघड्याला वस्त्र. लिलावाचा पैसा कुठं गेला हे बघा की. फरशीला गेला, स्पीकरला गेला. 2019 च्या पुरात घरोघरी बायकांनी भाकऱ्या थापून पाठवल्या, त्याला ना माइक लागला ना पाकीट. लिलाव करा नाहीतर करू नका, त्यातला अर्धा पैसा विधवांच्या आणि पोरांच्या फीसाठी बाजूला काढा म्हणते मी.

शाहूपुरीकर
मामी, यावर माझी सही घ्या. पण मग बोली चिठ्ठीवर लिहून घेऊ. आकडा वाचायचा, नाव नाही.

कोडोलीचा पाव्हणा
चिठ्ठीवर बोली लावली तर चुरस कुठली याला? भोपळा शंभरावर जायचा नाही. मग मामींच्या फीचं काय आणि गळणाऱ्या पत्र्याचं काय?

शाहूपुरीकर
टाळ्यांशिवाय शंभरच येत असतील, तर आपली मंडळी शंभराचीच आहे हे एकदा कळू दे.

आजरेकर मामी
तुम्हाला कळंल हो. फी भरायची तारीख जूनमध्ये असते.