मदत हवी आहे: मांजराच्या अगदी लहान पिल्लाच्या अंगावर पिसवा, औषधाचे किती थेंब घालावेत?

वाशिष्ठीकाठ
आमच्या पडवीतील लाकडांच्या ढिगात मांजरीने पिल्ले घातली होती. त्यांतील एकच उरले असून त्याच्या मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी पिसवा अक्षरशः वळवळत आहेत. कालपासून ते दूध नीट ओढत नाही आणि उचलून घेतले तरी फारसे ओरडत नाही. पिसवांचे औषध घरात आहे, परंतु त्यावर पिल्लांचे प्रमाण दिलेले नाही. किती थेंब घालावेत, एवढेच कृपया सांगावे. चिपळुणात कालपासून मुसळधार पाऊस आहे आणि आज दवाखाना गाठणे अशक्य आहे, त्यामुळे केवळ 'डॉक्टरांना दाखवा' असे उत्तर देऊ नये, ही विनंती.

रानजाई
थेंबांचा आकडा सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. पिल्लाचे डोळे उघडले आहेत का? वजन किती आहे? आई जवळ आहे की नाही? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषध कोणते? वेष्टनावरील घटक जसेच्या तसे लिहावेत. तोपर्यंत पिल्लाच्या अंगावर काहीही घालू नये.

घाटमाथा
आमच्याकडे साताऱ्याला वासरे, शेळ्या आणि कुत्री या सर्वांना पिढ्यानपिढ्या कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुतले जाते आणि नंतर थोडे करंजेल चोळले जाते. पिसवाच काय, गोचीडही राहत नाहीत. रसायनांच्या मागे लागण्याऐवजी हा उपाय करून पाहावा.

दूरदेशी
मी इंग्लंडमध्ये राहते. येथे फिप्रोनिल या पिसवांच्या औषधाचा फवारा दोन दिवसांच्या पिल्लालाही चालतो, तसे त्याच्या वेष्टनावर छापलेलेच असते. मी स्वतः तो मांजराच्या पिल्लांवर वापरला आहे. भारतातही हा फवारा मिळतो, तो मागवून घ्यावा.

वाशिष्ठीकाठ
प्रश्न थेंबांचा होता, तरीही उत्तरे देते. डोळे उघडले आहेत, निळे आहेत, आणि खालच्या हिरडीत दातांची टोके नुकतीच हाताला लागतात. घरात वजनकाटा नाही. आई चार दिवसांपासून दिसलेली नाही. औषध आमच्या कुत्र्यासाठी आणलेले आहे, मानेवर घालायची छोटी नळी असते ते. त्यावर पर्मेथ्रिन असे लिहिले आहे. परवाच कुत्र्याला घातले, त्याला काहीही त्रास झाला नाही. पिल्लू त्याच्याच पोटाशी निजते, म्हणून दोघांना एकच औषध घालावे असे मनात होते.

निवृत्त_पशुवैद्य
ताई, ती नळी तत्काळ कपाटात ठेवावी आणि पिल्लाला आत्ताच्या आत्ता कुत्र्यापासून दूर करावे. पर्मेथ्रिन कुत्र्याचे शरीर सहज पचवते, मात्र ते निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार दुबळी असते. एका थेंबाने थरथर सुरू होते, पुढे झटके येतात, आणि एवढ्याशा पिल्लाला त्यातून वाचवणे फार कठीण असते. परवा औषध लावलेल्या कुत्र्याच्या केसांवर ते अजूनही असणार, म्हणून निदान काही दिवस दोघांना एकत्र निजू देऊ नये. पिल्लू थरथरत असेल किंवा त्याची लाळ गळत असेल, तर पाऊस असो वा नसो, डॉक्टरांना दूरध्वनी करावा.

आपण दिलेल्या वर्णनावरून वय सुमारे तीन आठवडे वाटते. वजन ठाऊक असणे आवश्यकच आहे, म्हणून शेजारच्या किराणा दुकानात वाटीत ठेवून करून आणावे. त्याच वेळी ओठ वर करून हिरडीचा रंग पाहावा. गुलाबी आहे, फिकट आहे की पांढरी पडली आहे, ते कळवावे.

वाशिष्ठीकाठ
वजन २६० ग्रॅम भरले. हिरडी फिकट आहे, परंतु पूर्ण पांढरी नाही. थरथर नाही. कुत्र्याला मागच्या खोलीत बांधले आहे. हे आधी विचारले नसते तर मी आज सकाळीच अर्धी नळी घातली असती. पाय हाताला थंड लागतात.

निवृत्त_पशुवैद्य
२६० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्त साधारण १५ मिली, म्हणजे एका मोठ्या चमच्याएवढे असते. ७० ते ७५ पिसवांच्या माद्या दिवसाला सुमारे १ मिली रक्त पितात. दूध न ओढणे आणि आवाज न करणे हा आळस नसून रक्तक्षय असू शकतो. पिसवा आजच कमी करायच्या आहेत, मात्र औषधाशिवाय.

प्रथम ऊब द्यावी. बाटलीत सोसवेल इतके गरम पाणी भरून ती पंच्यात गुंडाळावी आणि पिल्लाला तिला टेकवून ठेवावे, मात्र उकडल्यास बाजूला सरकता येईल एवढी जागा ठेवावी. पाय उबदार झाल्याशिवाय दूध देऊ नये, कारण थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात ते पचत नाही. त्यानंतर उवांची बारीक दातांची फणी घेऊन आधी मान, मग पाठ आणि शेपटीचे मूळ विंचरावे. निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. साध्या पाण्यात त्या तरंगतात आणि उडी मारून परत येतात, साबणामुळे मात्र तळाशी जातात.

रानजाई
आंघोळ घालावी का? भांड्यांच्या साबणाने घालतात, असे मी ऐकले आहे.

निवृत्त_पशुवैद्य
धडधाकट पिल्लाला घालता येते. बाळाच्या आंघोळीचे पाणी जसे कोपराने पाहतो तसे पाहावे, एक थेंब साबण घेऊन आधी मानेभोवती फेसाचे कडे करावे म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत, तोंड कोरडे ठेवावे, आणि दोन-तीन मिनिटांत धुऊन पूर्ण कोरडे करावे. परंतु या पिल्लाचे पाय थंड आहेत आणि हिरडी फिकट आहे. ओले झाले तर ते पुन्हा गारठेल. आज फक्त फणीच वापरावी.

घाटमाथा
शेकडो वर्षे चालत आलेला कडुनिंब एकदम अपायकारक कसा ठरला, हे मला समजत नाही. आमच्या गोठ्यात कधीही अपाय झाला नाही.

निवृत्त_पशुवैद्य
आपल्या गोठ्यातील अनुभवावर माझा विश्वास आहे. परंतु वासरू अंगावरचे तेल मांजरासारखे दिवसभर चाटून पोटात घालत नाही, आणि त्याचे वजनही पाव किलो नसते. तेलाने केस चिकटले की ऊबही जाते. कापूर, निलगिरी आणि फिनेल यांनाही मांजराच्या जवळपास स्थान नाही.

दूरदेशी
फिप्रोनिलच्या फवाऱ्याबद्दल आपण काहीच म्हटले नाही. वेष्टनावरच परवानगी असताना एवढी भीती का बाळगावी?

निवृत्त_पशुवैद्य
आपण वापरला तो निरोगी पिल्लांवर. फवाऱ्यातील द्रावण मद्यार्काचे असते, ते उडताना अंग गार करते, आणि मात्रा वजनावर मोजावी लागते. ते डॉक्टरांच्या हातून, पिल्लू उबदार झाल्यावर करावे. मानेवर घालायचे फिप्रोनिल आठ आठवड्यांनंतरच चालते, आणि पिसवा मारणारी नायटेनपायरामची गोळी चार आठवडे वय व सुमारे ९०० ग्रॅम वजन झाल्याशिवाय देत नाहीत. हे पिल्लू त्यापासून फार दूर आहे.

जास्वंद
आई सापडली की तिची नसबंदी अवश्य करून घ्यावी, हे सुचवावेसे वाटते. दर पावसाळ्यात अशी पिल्ले मरताना पाहणे फार वेदनादायक असते.

रानजाई
ते नंतर निश्चित करू. ताई, दूध कोणते देत आहात? आणि कसे?

वाशिष्ठीकाठ
गाईचे, निम्मे पाणी घालून, ड्रॉपरने. मांडीवर उताणे धरून पाजते.

रानजाई
उताणे कधीही धरू नये, दूध श्वासनलिकेत जाते. आईच्या पोटाशी असते तसे पोटावर ठेवून, मान किंचित वर करून पाजावे. पाणी घातलेल्या गाईच्या दुधात पोषण अपुरे पडते आणि जुलाबही होतात. पिल्लांची दूध-पावडर औषधांच्या दुकानात विचारावी. दर वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावे, एरवी त्या कामी आई चाटून मदत करते.

वाशिष्ठीकाठ
रात्री साडेदहा. दोन तास ऊब दिल्यानंतर पाय उबदार झाले, मग तीन वेळा विंचरले. पहिल्या वेळी ४१ पिसवा निघाल्या, दुसऱ्या वेळी १७, आणि तिसऱ्या वेळी ६. मध्ये केसांतून काळी भुकटी पडत होती, ती ओल्या कापसावर तांबडी झाली, आणि ते पिल्लाचेच रक्त आहे हे लक्षात येऊन हात थांबला. पावडर मिळाली, तिचे ५ मिली प्यायले आणि प्रथमच मोठ्याने ओरडले. ज्या गोणपाटावर ते निजत होते, त्याचे काय करावे?

निवृत्त_पशुवैद्य
जाळून टाकावे किंवा पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यावे. पिसवांची अंडी अंगावरून तेथेच गळतात. नवे अंथरूण जुन्या सुती साडीच्या तुकड्यांचे करावे, ते रोज बदलून उकळत्या पाण्यात धुवावे. पडवीतील फटी गरम पाणी आणि साबणाने घासाव्यात. पिसवांचे कोष कित्येक आठवडे तग धरतात, त्यामुळे विंचरणे रोज चालू ठेवावे लागेल. सकाळी हिरडी पुन्हा पाहावी. आणखी पांढरी वाटली तर, रस्ता मोकळा होताच, दूध पाजण्याचीही वाट न पाहता, उबदार बाटलीसह पिल्लाला घेऊन दवाखान्यात निघावे. गरज पडल्यास तेथे रक्त देता येते.

वाशिष्ठीकाठ
सकाळी सात. हिरडी कालच्यासारखीच आहे, वजन २६८ ग्रॅम आहे, दोन वेळा दूध घेतले. पाऊस ओसरला असून डॉक्टरांनी अकराला बोलावले आहे. निघण्यापूर्वी एकदा विंचरले, चार निघाल्या.